वस्त्रांचा अधिकार

सावकाराने कुळाला नागवले, दलालाने शेतकऱ्याला नागवले, असे आपण मराठी माणसे सहज बोलतो. त्या वेळी कोणाचे धोतर फेडले गेले असे आपल्या मनात नसते. जमीन गेली, पैका गेला, पत गेली, एवढाच अर्थ अभिप्रेत असतो. ज्याचे घरदार पुराने नेले तो 'एका वस्त्रानिशी' बाहेर पडतो. ज्याची लबाडी कळून आली तो 'उघडा पडतो'. आणि निर्धनाने निर्धनाचा आश्रय केला म्हणजे उघड्यापाशी नागडे गेले आणि सारी रात्र हिवाने मेले, असे म्हणून आपण हसतो. उलट बाजूस पाहावे तर १७१३ साली शाहू छत्रपतींकडून बाळाजी विश्वनाथास मिळाली ती पेशवाईची 'वस्त्रे', आणि १७२० साली त्याच्या पुत्रास मिळाली तीही वस्त्रेच. पद, दौलत आणि हुकूम चालविण्याचा अधिकार ही सर्व त्या एका शब्दात सामावलेली होती. भाषा ही इतिहासाची मोठी प्रामाणिक साक्षीदार असते. तिची साक्ष अशी पडते की, नग्नतेचा विचार करताना आपल्या पूर्वजांच्या डोळ्यांपुढे कामविकारापेक्षा दारिद्र्य आणि मानहानी अधिक उभी राहत असत.

समाज नग्नता निषिद्ध का मानतो, या प्रश्नाला सुशिक्षित घरांतून मिळणारे उत्तर बहुधा ठरलेले असते : लज्जा हा मनुष्याचा स्वभावधर्म आहे व पशूंहून त्याचे वेगळेपण तीत आहे. हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. लाज वाटते ही गोष्ट कोणी नाकारीत नाही. परंतु ती कशाची वाटावी, कोणासमोर वाटावी, आणि कोणाला ती वाटण्याची मुभाच असू नये, हे समाज ठरवितो; आणि ठरविताना तो माणसामाणसांत भेद करतो. वस्त्राचा इतिहास हा पुष्कळ अंशी या भेदाचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्याच्या पुष्ट्यर्थ फार दूर जाण्याचे कारण नाही. खानदेश आणि भोवतालचा महाराष्ट्र एवढे क्षेत्र जवळजवळ पुरे आहे.

वस्त्राचा उगम लज्जेत नसावा असे मानण्यास जागा आहे. अंगावरच्या कपड्यांत राहणारी ऊ ही डोक्यातील उवेपासून केव्हा वेगळी झाली, याचा जनुकांवरून अदमास घेऊन शास्त्रज्ञांनी २०११ साली असे अनुमान प्रसिद्ध केले की, मनुष्य सुमारे १ लाख ७० हजार वर्षांपूर्वी कपडे वापरू लागला असावा. इतक्या क्षुद्र जीवाने इतकी मोठी साक्ष द्यावी, ही मौजेची गोष्ट आहे! अंगावरची लव गमावून बसलेल्या प्राण्याने थंडीत कातडे पांघरले, हे समजण्यासारखे आहे. पण वैशाखात जेथे पारा ४४-४५ अंशांवर चढतो त्या खानदेशात नुसत्या निवाऱ्यासाठी डोक्याला एक फडके पुरते. तेथे अंगावर जे चढते त्याचे कारण हवेत शोधून सापडावयाचे नाही. आमच्या खेड्यांतून चार वर्षांचे पोर दिवसभर उघडे हिंडे. मात्र त्याच्या कमरेला करगोटा असे, आणि करगोटा नसलेली कंबर आजीला खपत नसे. त्या काळ्या दोऱ्याने थंडी निवारत नाही, काही झाकलेही जात नाही. हे पोर कोणाचे तरी आहे, त्याची काळजी वाहणारे घर आहे, एवढेच तो दोरा सांगतो. वस्त्राचे पहिले काम कदाचित हेच असावे.

लज्जेच्या जन्माची जी कथा आज जगभर ठाऊक आहे ती बायबलातील आहे. फळ खाल्ले, डोळे उघडले, आणि आपण नग्न आहो हे आदाम व हव्वा यांना कळले. येथे देह आणि पाप यांची गाठ एकदम पडते. मिशनरी शाळांतून व इंग्रजी ग्रंथांतून ही गाठ आपल्याकडे आली आणि आपण ती सनातन समजून बसलो. ती किती अलीकडची आहे हे पाहावयाचे असेल त्याने अजिंठ्यास जावे. भडगावकरांना ते फार लांब नाही. पाचोऱ्याहून जामनेरकडे जाणाऱ्या छोट्या रेल्वेने पहूरला उतरून तेथून लेण्यांकडे वळण्याचा प्रघात एके काळी होता. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. तेथील पाचव्या शतकाच्या सुमाराची भित्तिचित्रे पाहताना प्रेक्षकाच्या एक गोष्ट ध्यानी येते. राण्या आणि राजकन्या यांच्या कमरेवर बहुधा अलंकारच आहेत, किंवा असलेच तर इतके तलम वस्त्र की रंगाच्या एका रेघेवरून ते ओळखावे. अंगभर शिवलेली चोळी किंवा अंगरखा दिसतो तो पुष्कळदा दासींच्या व परदेशी सेवकांच्या अंगावर. ज्यांना झाकून घ्यावे लागते त्या नोकर, आणि ज्यांना झाकून घेण्याची गरज नाही त्या स्वामिनी! शिवाय ही चित्रे रंगविली गेली ती बौद्ध भिक्षूंच्या निवासात. त्या विरक्तांना त्यांत काही अनुचित वाटले असते तर त्यांनी ती भिंतीवर राहू दिली नसती.

कोणता अवयव उघडा पडला म्हणजे लाज गेली, याचा नियमही स्थिर नाही. एकोणिसाव्या शतकातील पुण्याचा एखादा गृहस्थ घरी सोवळे नेसून उघड्या अंगाने पंक्तीस बसे, आणि त्या उघडेपणातच त्याची शुचिता होती. सदरा घालून जेवावयास बसणारा भ्रष्ट समजला जाई. तोच गृहस्थ रस्त्यावर बोडक्या डोक्याने आला असता तर त्याच्या घरी सुतक आहे अशी लोकांची समजूत झाली असती. छाती उघडी चाले, डोके उघडे चालत नसे. पागोटे उडविणे हा अब्रूवर घाला होता. गिरणाकाठच्या गावांतून शेतकरी लंगोटीवर नांगर धरी, पण चावडीवर जाताना डोक्याला मुंडासे गुंडाळल्यावाचून जात नसे. स्त्रियांच्या बाबतीतही तसेच. काचा मारून नेसलेल्या नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहत. त्यांकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नसे. पदर डोक्यावरून ढळला तर मात्र सासूची नजर वर होई.

हे सर्व देशोदेशीच्या चालीरीतींचे वैचित्र्य म्हणून सोडून देता आले असते. परंतु येथवर येऊन थांबणे म्हणजे विषयाचा खरा भाग टाळणे होय. ज्या घरांतून पदराची एवढी काळजी वाहिली जाई, त्याच घरांतून विधवा झालेल्या मुलीच्या अंगावरून चोळी काढून घेतली जात असे. ब्राह्मण व तत्सम घरांतील सोवळ्या बाईस चोळी नाही, केस नाहीत. एक आलवण, आणि त्याच्या पदराने जे झाकेल ते झाकावयाचे. तिला नाव 'बोडकी'. दहा-बारा वर्षांच्या पोरीपासून ऐंशी वर्षांच्या म्हातारीपर्यंत सर्वांना हा एकच न्याय होता. लज्जा जर स्त्रीचा स्वभावधर्म, तर तो नवऱ्याबरोबर सरणावर कसा गेला, हा प्रश्न त्या घरांतील विद्वान पुरुषांना फारसा पडलेला दिसत नाही. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालविण्याचा निश्चय केला. म्हणजे पंडितांनी जे करावयाचे ते कारागिरांनी केले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. तेथे आलेल्या बाईला अक्षर मिळाले हे आपण सांगतो. तिला चोळीही मिळाली हे सांगावयास आपण विसरतो.

वस्त्र काढून घेण्याचा हा अधिकार फार जुना आहे. महाभारतातील सभापर्व आपण द्रौपदीसाठी वाचतो, आणि धावून आलेल्या श्रीकृष्णापाशी आपले लक्ष अडकून राहते. पण त्या प्रसंगी कर्णाने मांडलेला मुद्दा कायद्याचा आहे. पांडव द्यूतात स्वतःला हरले, म्हणजे दास झाले. दासाचे स्वतःचे असे काही नसते, म्हणून त्यांच्या अंगावरची वस्त्रेही जिंकणाऱ्याची. हे ऐकून पाची भावांनी आपापली उत्तरीये काढून ठेवली. ज्यांच्या पराक्रमाची एवढी वर्णने, ते पाच पुरुष एका वाक्यासरशी उघडे झाले. का, तर अधिकार गेला. द्रौपदी एकवस्त्रा होती. तिचे तेही ओढले गेले ते याच न्यायाने. पुढे दुर्योधनाने तिला आपली मांडी उघडी करून दाखविली. मांडी त्याची उघडी पडली आणि अपमान तिचा झाला! भर सभेत राजाच्या उघड्या मांडीची लाज राजाला वाटत नाही, हे व्यासांनी जितक्या थोडक्यात दाखविले आहे तितके पुढील काळात क्वचितच कोणी दाखविले असेल. याच दृष्टीने १६६६ सालचा आग्र्याचा दरबार पाहावा. बादशहाने इतरांना सिरपाव दिले आणि शिवाजीराजांना वगळले. राजे संतापून बाहेर गेले, आणि मागाहून समजूत घालून देऊ केलेला पोशाख त्यांनी घेतला नाही. त्यांच्या अंगावर कपडे नव्हते असे थोडेच होते? कोणाच्या हातून वस्त्र घ्यावयाचे हा प्रश्न होता.

आता खानदेशाकडे वळू. हा प्रांत १८१८ साली इंग्रजांकडे आला तेव्हा सातपुडा व सातमाळा येथील भिल्लांशी झगडण्यात नव्या सरकारची काही वर्षे गेली. १८२५ साली जेम्स औट्रम नावाचा बावीस वर्षांचा अधिकारी धरणगावी येऊन राहिला. त्याने भिल्लांबरोबर वाघांच्या शिकारी केल्या, त्यांचा विश्वास मिळविला आणि त्यांचीच एक पलटण उभारली. लंगोटी व डोकीस चिंधी एवढ्यावर डोंगर तुडविणारा मनुष्य शिपायाच्या पोशाखात कवाईत करू लागला. सरकारी लेखकांनी याचे वर्णन रानटीपणातून माणसात येणे असे केले, आणि आपल्याकडील शिकलेल्या लोकांनीही ते तसेच उचलले. खरे पाहता भिल्लाच्या लंगोटीत लाज नव्हती आणि निर्लज्जपणाही नव्हता. डोंगर चढणाऱ्याला ती सोयीची होती, आणि त्याच्यापाशी दुसरे काही घेण्यास पैसा नव्हता. ती पाहून लाज वाटली ती पाहणाऱ्याला. आपली लाज त्याच्यावर ढकलून आपण तिला त्याचा रानटीपणा हे नाव दिले.

याच्या शेजारी १८९१ सालची ठाण्याची एक हकीकत ठेवून पाहावी. ती महाराष्ट्रात फारशी कोणास ठाऊक नाही. त्या साली ठाण्याचे जिल्हा व सेशन्स जज्ज चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड यांनी 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' या नावाची एक संस्था काढली. सभासद तीन : स्वतः न्यायाधीशसाहेब आणि एका मिशनऱ्याचे दोन पुत्र. शक्य तेथे व शक्य तेव्हा निर्वस्त्र राहावे, त्यात आरोग्य आहे, सौंदर्य आहे आणि नीतीही आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. माथेरान आणि तुळशी तलाव येथे त्यांनी तो आचरून पाहिला, आणि क्रॉफर्ड यांनी विलायतेतील लेखक एडवर्ड कार्पेंटर यांना पत्रांतून त्याची हकीकत कळविली. पुढल्या साली त्यांची रत्नागिरीस बदली झाली व संस्था संपली. जर्मनीतील प्रसिद्ध नग्नसंघ याच्या मागाहूनचे. जगातील पहिला ज्ञात नग्नसंघ म्हणून या ठाणेकर त्रिमूर्तीचे नाव घेतले जाते. साहेबांची हौस निरुपद्रवी होती, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याच ठाणे जिल्ह्यात वारली आणि कातकरी लंगोटीवर राहत होते, आणि त्यांच्या देहाला कोणी आरोग्याचा किंवा सौंदर्याचा सिद्धांत म्हटले नाही. ज्याच्या कपाटात काळा झगा टांगलेला आहे त्याचे उघडे अंग हा विचार ठरतो. ज्याच्यापाशी कपाटच नाही त्याचे उघडे अंग हा मागासलेपणा.

साधूंच्या बाबतीतही हाच न्याय निराळ्या रूपाने दिसतो. दिगंबर मुनी वस्त्र टाकतो आणि गृहस्थ त्याच्या पाया पडतो. बेळगावकडच्या सीमाभागातून निघालेले आचार्य शांतिसागर १९२० नंतर दिगंबर वेषात गावोगाव विहार करीत उत्तरेपर्यंत गेले, आणि १९५५ साली कुंथलगिरीस त्यांनी सल्लेखनेने देह ठेवला. हजारो स्त्रीपुरुषांनी त्यांचे दर्शन घेतले, कोणाची नीती बिघडल्याचे ऐकिवात नाही. येथे वस्त्र कोणी हिरावून घेतलेले नसते, ते आपण होऊन सोडलेले असते. आणि सोडण्यासाठी ते आधी असावे लागते. गांधींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेस पंचा धारण केला त्याचे सामर्थ्यही यातच होते. बॅरिस्टराने पंचा नेसला म्हणून जग थबकले. १९३१ साली चर्चिलने त्यांना अर्धनग्न फकीर म्हणून हिणविले, आणि त्याच वर्षी ते त्याच वेषात इंग्लंडच्या राजाच्या भेटीस गेले. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला पहिली ग्रामीण काँग्रेस भरली तेव्हा खानदेशच्या शेतकऱ्यांनी तो पंचा जवळून पाहिला. आपल्यासारखाच एक माणूस एवढा मोठा झाला, असे त्यांना वाटले असेल. मात्र तापी आणि गिरणा यांच्या काळ्या जमिनीत कापूस पिकवणाऱ्या मजुरांच्या कमरेचे फडके हे कोणाचेही व्रत नव्हते. भडगावास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने शेतकीचे प्रयोगक्षेत्र चालवून कापूस सुधारण्याचा खटाटोप केला. जळगाव-अमळनेरास कापडाच्या गिरण्या निघाल्या. आणि वेचणीस जाणाऱ्या बाईचे मात्र दंड घातलेले एक लुगडे अंगावर व दुसरे वलणीवर, असे चाले.

स्त्रीच्या देहाविषयी आज जी कल्पना मध्यमवर्गात रूढ आहे ती घडविण्यात मुंबईचा हात मोठा आहे. सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी नवऱ्याच्या नोकरीनिमित्त मुंबई इलाख्यात आल्या, तेथे त्यांनी पारशी स्त्रियांची नेसण्याची रीत पाहिली, आणि पोलके-परकरासह साडी नेसण्याची नवी तऱ्हा बंगाल्यात नेली. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईस छापखाना काढला व तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी घरोघर लागल्या. या देवी आपल्या घरातल्या बायकांसारख्या अंगभर नेसलेल्या होत्या. एका पिढीत लोक विसरले की, लेण्यांतल्या देवतांना कोणी कधी पोलके शिवले नव्हते.

या नव्या सभ्यतेला उघड आव्हान दिले ते धोंडो केशवांचेच पुत्र रघुनाथराव कर्वे यांनी. गणिताचे प्राध्यापक असलेल्या या गृहस्थाला संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्याच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. देहात अश्लील असे काही नाही, नग्नतेची सवय झाली की तिच्याविषयीचे अनावर कुतूहल ओसरेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू डॉक्टर आंबेडकरांनी मांडली, तरी दंड झालाच. रघुनाथरावांच्या धैर्यास तोड नाही. पण त्यांच्या युक्तिवादात एक उणीव राहिली असे वाटते. लज्जा हे अज्ञान आहे व ज्ञानाने ते जाईल, अशी त्यांची गणिती श्रद्धा होती. ज्यांचे वस्त्र दुसऱ्याने काढून घेतले आहे, किंवा ज्यांना ते कधी मिळालेच नाही, त्यांना नग्नतेची मुक्ती कशी वाटावी, हा प्रश्न त्यांच्या समीकरणात बसत नव्हता.

तो प्रश्न त्यांच्या वकिलाला मात्र नीट ठाऊक होता. त्रावणकोरात नाडर स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी कित्येक दशके झगडावे लागले होते. १८५९ साली तेथील राजाने परवानगी दिली, पण उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र घेता येणार नाही ही अट घालूनच. महाराष्ट्रात चोळीला बंदी नव्हती. येथे जात ओळखली जाई ती लुगडे किती वर नेसले आहे यावरून. 'समाजस्वास्थ्य' निघाले त्याच साली, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडला जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांना आंबेडकरांनी सांगितले की, गुडघ्यापर्यंत लुगडे नेसण्याची तुमची रीत ही तुमच्या जातीची खूण आहे. ती टाका, सवर्ण स्त्रिया नेसतात तसे घोट्यापर्यंत नेसा. त्यांच्या सवर्ण सहकाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांनी नेसण्याची रीत शिकविली, आणि दुसऱ्या दिवशी त्या बायका नव्या रीतीने लुगडी नेसून आल्या. कापड तेच होते. वीतभर खाली आले, एवढेच. त्याच वर्षी एका मराठी माणसाने देह उघडा करण्याचा हक्क मागितला आणि दुसऱ्याने तो झाकण्याचा. आणि सात वर्षांनी दुसरा पहिल्याच्या बाजूने कोर्टात उभा राहिला. निवड ज्याची त्याने करावी, या मुद्द्यावर दोघांचे भांडण नव्हते.

कायद्याने हा मुद्दा ओळखावयास फार काळ घेतला. चित्रातील किंवा छायाचित्रातील नग्नता केवळ नग्नता म्हणून अश्लील ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्वच्छ सांगितले. रघुनाथरावांना हे ऐकावयास मिळाले असते तर बरे झाले असते. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांचा अधिनियम १९८९ साली झाला, त्यात अंगावरची वस्त्रे बळाने काढणे आणि नग्न धिंड काढणे हा स्वतंत्र अपराध मानला गेला; २०१५ सालच्या दुरुस्तीने त्याच्या जोडीला बळाने डोके भादरणे आणि मिशी काढणे हेही नाव घेऊन लिहिले गेले.